चेंडू उजवीकडेच का वळतो?

जळगाव आणि धुळे ही काही गोल्फची गावं नाहीत. मैदान म्हटलं की इथं क्रिकेटच, आणि उरलेल्या जमिनीवर कापूस, केळी, मका. काळ्या जमिनीला एप्रिल-मे महिन्यांत अशा भेगा पडतात की गोल्फचा चेंडू त्यात गेला तर शोधायच्या भानगडीत पडू नये. तरीही गोल्फचा नाद असलेली माणसं खानदेशात भेटतात. पुण्या-बंगळुरात नोकरी करताना सवय लागलेला इंजिनिअर, लष्करातून निवृत्त होऊन गावी परतलेला अधिकारी, अमेरिकेतल्या लेकाकडे सहा महिने राहून आलेले आणि येताना त्याचा जुना ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याची काठी (क्लब), घेऊन आलेले काका. यांचं खेळणं होतं नाशिक-पुण्याकडे जाऊन आणि सराव चालतो गच्चीवर, नाहीतर मळ्यात.

नाशिक त्यातल्या त्यात जवळचं. धुळ्याहून सुमारे १६० किलोमीटर. तिथलं हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान रणजी सामन्यांसाठी ओळखलं जातं, पण गावातला माणूस त्याला अजूनही ‘गोल्फ क्लब’च म्हणतो, कारण इंग्रजी अमलात साहेब लोक तिथं गोल्फ खेळत. १९०९ साली कान्हेऱ्यांनी ज्या जॅक्सन कलेक्टरला गोळी घातली, त्याच्याच जातकुळीच्या अधिकाऱ्यांचं ते मैदान, आणि आज पाटीवर नाव कान्हेऱ्यांचं. इतिहास इतका चोख हिशेब क्वचितच करतो. पुण्यात येरवड्याचा जुना पूना गोल्फ क्लब आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळलेला उदयन माने पुण्याचाच. थोडक्यात, या खेळाला मराठी मुलूख अगदीच अनोळखी नाही.

या सगळ्या हौशी मंडळींचं दुखणं मात्र एकच असतं. उजव्या हाताने खेळणारा माणूस ड्रायव्हर फिरवतो, चेंडू जरासा डावीकडे किंवा सरळ निघतो, आणि मग हवेतच वळत वळत उजवीकडच्या झाडीत जातो. यालाच स्लाइस म्हणतात. डावखुऱ्यांसाठी हेच सगळं उलट. नवशिक्यांपैकी बहुतेकांना स्लाइस होतो आणि कित्येकांना तो वीस वर्षं खेळल्यावरही होत राहतो, याचं कारण त्यांच्या हातात कमी आणि डोळ्यांत जास्त आहे. डोळ्यांना जो उपाय सुचतो, तोच रोग वाढवतो.

चेंडू उजवीकडे जातोय, मग डावीकडे मारू, असा तो उपाय. माणूस पाय डावीकडे वळवून उभा राहतो, खांदे डावीकडे फिरवतो आणि क्लब बाहेरून आत, म्हणजे स्वतःच्या डाव्या पायाकडे ओढतो. चेंडू आणखी उजवीकडे वळतो. मग तो आणखी डावीकडे ओढतो. हे चक्र नेमकं कसं चालतं हे कळायला थोडी भूमिती लागते. ती दहावीच्या पुढची नाही.

फटक्याच्या क्षणी दोन दिशा महत्त्वाच्या असतात. एक, क्लबचा पुढचा सपाट भाग, म्हणजे फेस, कुठं बघतोय. दुसरी, क्लबचं डोकं कुठल्या मार्गाने चाललंय. चेंडू सुरुवातीला निघतो तो जवळजवळ फेसच्या दिशेने. ड्रायव्हरच्या बाबतीत सुरुवातीच्या दिशेत फेसचा वाटा चार पंचमांशाहून जास्त असतो आणि मार्गाचा थोडाच. पुढे हवेत तो किती वळणार, हे ठरतं फेस आणि मार्ग यांच्यातल्या फरकावर. फेस मार्गाच्या मानाने उजवीकडे उघडा असला की चेंडूच्या फिरकीचा अक्ष उजवीकडे कलतो आणि चेंडू उजवीकडे वळतो. एवढंच.

गंमत अशी की हे साधं सत्य शिकवणाऱ्यांनीच कित्येक दशकं उलटं शिकवलं. चेंडू क्लबच्या मार्गाने निघतो आणि मग फेसच्या दिशेला वळतो, असं पुस्तकांत छापलेलं असायचं. ब्रिटनमध्ये अॅलिस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्स यांनी १९६८ साली एका मोठ्या संशोधन प्रकल्पावर पुस्तक लिहिलं, त्यात बरोबर माहिती होती. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ थिओडोर जॉर्गेन्सन यांनी १९९४च्या पुस्तकात तीच गोष्ट भूमितीने मांडली. पण प्रशिक्षकांचं मत बदललं ते रडार आल्यावर. २००३ साली डेन्मार्कमध्ये ट्रॅकमॅन कंपनी सुरू झाली, तिची यंत्रं सरावाच्या रेंजवर पोचली आणि प्रत्येक फटक्याचा फेस, मार्ग, फिरकी आकड्यांत दिसू लागली. तोवर लाखो लोक चुकीच्या सिद्धांतावर घाम गाळत होते.

आता एक ढोबळ हिशेब करू. समजा आपले जळगावचे काका चेंडू हवेतून १९० यार्ड नेतात. त्यांचा क्लब ६ अंश डावीकडे चाललाय आणि फेस फक्त १ अंश डावीकडे बघतोय. म्हणजे फरक ५ अंशांचा. ड्रायव्हरचा फटक्याच्या क्षणी वर बघणारा कोन साधारण १५ अंश धरला, तर फिरकीचा अक्ष १८ अंशांच्या आसपास कलतो. अक्ष १ अंश कलला की चेंडू दर शंभर यार्डांमागे साधारण पाऊण यार्ड बाजूला सरकतो. या हिशेबाने काकांचा चेंडू सुमारे २५ यार्ड उजवीकडे वळतो. निघताना तो थोडा डावीकडे होता, ते वजा केलं तरी पडतो लक्ष्याच्या १८-१९ यार्ड उजवीकडे. तीस-पस्तीस यार्डांच्या फेअरवेच्या, म्हणजे नीट कापलेल्या पट्ट्याच्या, मधोमध नेम धरला, तर हा चेंडू बाजूच्या वाढलेल्या गवतात गेला.

काका वैतागतात आणि आणखी डावीकडे ओढतात. मार्ग झाला १० अंश डावीकडे, फेस तिथंच राहिला. फरक ९ अंशांचा, वळण ४० यार्डांच्या वर. चेंडू आता लक्ष्यापासून पस्तीसेक यार्ड उजवीकडे, म्हणजे थेट शेजारच्या होलवर.

तिसरी शक्यता बघा. मार्ग तसाच वाकडा, ६ अंश डावीकडे. फक्त फेस १ ऐवजी ४ अंश डावीकडे बंद केला. फरक उरला २ अंशांचा, वळण दहाएक यार्डांचं. चेंडू डावीकडे निघून परत येतो आणि जवळपास मध्यावर पडतो. मार्गाला हातही लावलेला नाही!

चौथी शक्यता मला सगळ्यांत बोलकी वाटते. समजा कोणी सांगितलं की आधी मार्ग सरळ कर, आणि काकांनी मेहनतीने तो सरळ केला. पण मुठीची सवय जुनीच, त्यामुळे फेस मार्गाच्या मानाने पाच अंश उघडाच राहिला. मग चेंडू निघतोच उजवीकडे आणि वर पंचवीस यार्ड उजवीकडे वळतो. एकूण जवळजवळ चाळीस यार्ड. बरोबर केल्याची एवढी शिक्षा मिळाल्यावर कोण तिसऱ्या दिवशी तसा क्लब फिरवेल? म्हणून माझं मत पक्कं आहे: आधी फेस, मग मार्ग. काही शिक्षक उलट क्रम सांगतात. त्यांच्यासमोर रोज रेंजवर येणारा विद्यार्थी असतो, त्याला चाळीस यार्ड चुकूनही धीर देता येतो. गच्चीवर एकट्याने शिकणाऱ्याला तो धीर देणारं कोणी नसतं.

याच भूमितीत आणखी एका नेहमीच्या तक्रारीचं उत्तर आहे. ‘सात नंबरच्या आयर्नने सरळ जातो, ड्रायव्हरनेच का वाकडा?’ हात तेच, चूकही तीच. पण आयर्न आणि वेज या जवळच्या फटक्यांच्या क्लबांचा फेस जास्त वर बघतो, त्यामुळे चेंडूला उलटी फिरकी खूप मिळते आणि बाजूची फिरकी तिच्यात बुडून जाते. तोच पाच अंशांचा फरक वेजमध्ये अक्षाला सहाएक अंशच कलवतो. ड्रायव्हर काही लपवत नाही. शिवाय ड्रायव्हरसाठी चेंडू डाव्या टाचेसमोर, खूप पुढे ठेवलेला असतो. क्लब तिथं पोचेपर्यंत आपल्या वर्तुळात पुन्हा डावीकडे वळायला लागलेला असतो. चेंडू जितका जास्त पुढे, तितका मार्ग जास्त डावीकडे.

चेंडू हवेत वळतो कशामुळे, हा प्रश्न गोल्फपेक्षा जुना नसला तरी बराच जुना आहे. तिरकी रॅकेट लागलेला टेनिसचा चेंडू वाकडा जातो, हे न्यूटनने १६७२ साली लिहून ठेवलंय. जर्मनीच्या माग्नुसने १८५२ मध्ये फिरणाऱ्या वस्तूवर हवेचा आडवा जोर पडतो हे दाखवलं, म्हणून त्या परिणामाला त्याचं नाव. पण गोल्फच्या चेंडूचा खरा अभ्यास केला तो एडिंबरोच्या पीटर गथ्री टेट या प्राध्यापकाने, १८९०च्या दशकात. त्याने चेंडूला फीत बांधली, तो मातीच्या भिंतीवर मारायला लावला आणि फितीला किती पीळ पडले ते मोजून चेंडू किती फिरला ते काढलं. उलट्या फिरकीमुळे चेंडू हवेत तरंगत राहतो, हे त्याने दाखवून दिलं. त्याचा मुलगा फ्रेडी १८९६ आणि १८९८ मध्ये ब्रिटिश अॅमॅच्युअर स्पर्धा जिंकला. पुढे १९०० साली बोअर युद्धात तो मारला गेला.

चेंडूवरचे खळगेही अनुभवातूनच आले. गटापर्चा नावाच्या रबरासारख्या चिकाचे गुळगुळीत चेंडू नवे असताना नीट उडत नसत. खेळून खेळून ओरखडे पडले की चांगले उडत. मग मुद्दाम खरवडलेले चेंडू विकले जाऊ लागले, आणि १९०५ मध्ये लेस्टरच्या विल्यम टेलरने खळग्यांचं पेटंट घेतलं. खळगे हवेचा पातळ थर चेंडूला जास्त वेळ चिकटवून ठेवतात, मागची पोकळी लहान होते आणि ओढ कमी होते. तेवढ्याच जोराने मारलेला गुळगुळीत चेंडू जवळजवळ निम्मंच अंतर जातो. पण हेच खळगे फिरकीचा जोरही वाढवतात, त्यामुळे लांब जाणारा चेंडू वाकडाही जोमाने जातो.

क्रिकेटवाल्यांसाठी एक खुलासा. वेगवान गोलंदाजाचा स्विंग हा शिवणीचा आणि एका बाजूच्या चकाकीचा खेळ, त्याचा स्लाइसशी संबंध नाही. लेगस्पिनरचा चेंडू टप्पा पडण्याआधी हवेत सरकतो तो ड्रिफ्ट मात्र स्लाइसचा सख्खा भाऊ.

मग खानदेशच्या हवेत काही वेगळं होतं का? होतं. जानेवारीतल्या पहाटे जळगावात पारा १० अंशांपर्यंत उतरतो आणि मे महिन्यात दुपारी ४५च्या पुढे जातो. फक्त तापमानाचा हिशेब धरला तरी मे महिन्यातली हवा जानेवारीच्या पहाटेपेक्षा सुमारे ११ टक्क्यांनी विरळ असते. समुद्रसपाटीवरून हजार-बाराशे मीटर वर चढल्यावर घनता जेवढी घटते, तेवढीच ही घट. विरळ हवेत ओढ कमी, म्हणून चेंडू लांब जातो. आडवा जोरही कमी, म्हणून स्लाइस थोडा कमी वळतो. म्हणजे आपला खेळ सुधारलाय असं वाटून घ्यायची उत्तम वेळ मे महिन्यातली दुपार. अर्थात त्या उन्हात क्लब हातात धरणाऱ्याच्या डोक्याची काळजी आधी करावी लागेल.

वाऱ्याचं गणित याच्या उलट. साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेल परिसरातल्या पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. त्या पट्ट्यात वारा कसा वाहतो ते धुळेकरांना सांगायला नको. समोरून ताशी १८ किलोमीटर वारा असेल तर चेंडू सुटताना त्याच्यावरचे हवेचे सगळे जोर साधारण सहाव्या हिश्शाने वाढतात. चेंडू उंच उडतो, मधेच थांबल्यासारखा होतो आणि नेहमीपेक्षा जास्त वळतो. ‘वाऱ्याने नेला’ असं आपण म्हणतो. वाऱ्याने चूक केलेली नसते, फक्त मोठी करून दाखवलेली असते. मागून वारा असला की तीच चूक झाकली जाते.

स्लाइसचं आणखी एक कारण चेंडू क्लबवर नेमका कुठं लागला, यात असतं. ड्रायव्हरचं डोकं पोकळ आणि मागे पसरलेलं, नियमाने जास्तीत जास्त ४६० घनसेंटिमीटरचं. त्याचा गुरुत्वमध्य फेसच्या बराच मागे असतो. चेंडू टाचेकडे, म्हणजे दांडा बसवलेल्या बाजूला लागला, की डोकं एका बाजूला फिरतं आणि चेंडू त्याच्यावर घासून दातेरी चाकासारखा उलट्या दिशेने फिरतो. टाचेकडचा फटका उजवीकडे वळवणारी फिरकी देतो, टोकाकडचा डावीकडे वळवणारी. म्हणजे फेस आणि मार्ग अगदी नीट असूनही केवळ टाचेवर मारल्यामुळे स्लाइस होऊ शकतो. हे निदान न करता मूठ बदलत बसलात तर हाती काही लागणार नाही.

ते निदान अंगाला लावायच्या पावडरने होतं. फेसवर पावडरचा हात फिरवायचा आणि चेंडू मारायचा. ठसा उमटतो. असे आठ-दहा ठसे सलग पाहिले की कळतं. ठसे टाचेकडे दाटलेले असतील तर चेंडूपासून जरा लांब उभं राहा, किंवा वजन पंजांवर जातंय का ते बघा. ठसे मध्यावर आहेत आणि तरी स्लाइस होतोय, तर मग फेस आणि मार्गाकडे वळा.

खानदेशात राहणाऱ्याला इथं एक फायदा आहे, तो लक्षात येत नाही. ड्रायव्हरने चेंडू टीवर, म्हणजे छोट्या खुंटीवर ठेवून मारतात, त्याला हिरवळ लागत नाही. आयर्नच्या सरावाला चांगलं गवत हवं, कारण रबरी चटई चूक लपवते, क्लब जमिनीवर आधी आपटला तरी घसरून चेंडूपर्यंत जातो. ड्रायव्हरसाठी चटई, रबरी टी आणि समोर जाळी, एवढं पुरे.

पण जाळी कुठली? क्रिकेटच्या सरावाची जाळी बांधून गोल्फ खेळू नका. क्रिकेटचा चेंडू ७१ ते ७३ मिलिमीटर व्यासाचा, त्याच्या जाळीची भोकं सर्रास दोन इंचांची असतात. गोल्फचा चेंडू ४२.६७ मिलिमीटरचा. तो त्यातून अलगद निघून जातो, आणि साध्या हौशी खेळाडूचा चेंडूही ताशी २०० किलोमीटरच्या वर वेग घेतो. शेजारच्या गच्चीवर कुणी पापड वाळवत असेल तर काय होईल याचा विचार करा. केळीच्या आणि भाजीच्या रोपांना लावतात ती शेडनेटही या माराला भरवशाची नाही. एक इंचापेक्षा बारीक भोकांची, खास गोल्फची जाळी घ्या, मागे जाड ताडपत्री किंवा सतरंजी सैल लटकवा. ताणून बांधलेलं कापड चेंडू परत तुमच्यावर फेकतं. मोकळ्या शेतात मारायचं तर फोमचे हलके चेंडू वापरा. ते दूर जात नाहीत, कुणाला इजा करत नाहीत आणि वळण कुठल्या बाजूचं आहे ते दाखवतात.

जाळीत एक उणीव आहे, चेंडूचं वळण दिसत नाही. ती मोबाइलच्या स्लो मोशनने काही प्रमाणात भरून निघते. फोन पाठीमागे, हातांच्या उंचीवर, लक्ष्याच्या रेषेत ठेवा. सेकंदाला २४० चित्रं घेणारा कॅमेराही दोन चित्रांच्या मध्ये क्लबला १५-१७ सेंटिमीटर पुढे जाऊ देतो, आणि चेंडू फेसला चिकटलेला असतो तो फक्त सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापुरता. त्यामुळे फटक्याचा क्षण सापडण्याची आशा सोडा. खाली येताना क्लब हातांच्या बाहेरून येतोय की आतून, एवढं दिसलं तरी काम झालं.

आता उपाय. पहिला मुठीचा, कारण फेस मुठीच्या ताब्यात असतो. क्लब धरून खाली बघा. डाव्या हाताच्या बोटांची मुळं किती दिसतात? एकच दिसत असेल तर मूठ कमकुवत आहे, फेस उघडा राहणारच. हात थोडा उजवीकडे फिरवा, दोन किंवा तीन दिसू द्या. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली घडी उजव्या खांद्याकडे बघायला हवी. सुरुवातीला हे इतकं विचित्र वाटतं की बरेच जण पाच मिनिटांत जुन्या मुठीवर येतात. घरी टीव्ही बघताना दांडा हातात धरून बसा, बायकोची बोलणी खा, पण मूठ बदला.

दुसरं, जोर. मूठ आवळली की कोपरापासूनचा हात ताठ होतो, आणि ताठ हात फेस बंद करू शकत नाही. एखादी अहिराणी बोलणारी आजी शेजारी उभी असती तर तिने एका वाक्यात विचारलं असतं, ‘भो, इतला जोर कसाले लावस?’ गोल्फच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा हा प्रश्न वाईट नाही.

क्रिकेट खेळून आलेल्यांना इथं खास अडचण येते. चांगल्या फलंदाजाला लहानपणापासून शिकवलेलं असतं की डावा कोपर उंच, बॅटचा पूर्ण चेहरा चेंडूकडे, मनगटं शेवटपर्यंत स्थिर. ड्रायव्हरच्या फटक्यात मात्र हाताचे पुढचे भाग फिरायलाच हवेत, त्याशिवाय फेस बंद होत नाही. आणि टेनिस बॉलच्या स्पर्धांमध्ये मिडविकेटवरून आडवा पट्टा फिरवून नाव कमावलेला पठ्ठ्या तर क्लब बाहेरून आत ओढण्यात पारंगत असतो. पहिल्याचा फेस उघडा, दुसऱ्याचा मार्ग वाकडा. ज्याने दोन्ही प्रकार मनापासून केलेत, त्याचा स्लाइस बघण्यासारखा असतो.

फेस जाग्यावर आला की मार्गाकडे या. बहुतेकांचा मार्ग बिघडतो तो खाली येताना उजवा खांदा आधी पुढे घुसल्यामुळे. खांदे सुरुवातीपासूनच डावीकडे उघडे असतील तर तो घुसणारच, म्हणून उभं राहताना छातीवर क्लब आडवा धरून खांद्यांची रेषा तपासा. चेंडू डाव्या टाचेच्या पुढे ठेवू नका. मग चेंडूच्या पलीकडे वीतभर अंतरावर, जरा मागच्या बाजूला, पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली आडवी ठेवा. क्लब बाहेरून आला तर बाटली उडेल. सुरुवात कमरेएवढ्या अर्ध्या फटक्याने करा. ‘डोकं वर उचललंस’ हा सल्ला भारतातल्या प्रत्येक रेंजवर फुकट मिळतो. स्लाइससाठी तो निरुपयोगी आहे. डोकं खाली दाबून ठेवलं की खांदे अडकतात आणि हातच पुढे धावतात.

साहित्याचं थोडक्यात सांगतो. ९ अंशांचा ड्रायव्हर हौशी माणसाने घेऊ नये. साडेदहा किंवा बारा अंशांचा घेतला तर उलटी फिरकी वाढते आणि तीच चूक कमी वळते. डोक्यातलं वजन टाचेकडे सरकवलेले ड्रायव्हर मिळतात, त्यांचाही थोडा उपयोग होतो. आपोआप सरळ जाणारा चेंडूसुद्धा निघाला होता. १९७०च्या दशकात अमेरिकेत पोलारा नावाचा चेंडू आला, त्याचे खळगे सगळीकडे सारखे नव्हते, त्यामुळे तो वळणाला विरोध करायचा. तिथल्या गोल्फ संघटनेने चेंडू सर्व बाजूंनी सारखाच उडाला पाहिजे असा नियम केला, आणि प्रकरण कोर्टात गेलं. गच्चीवर किंवा मित्रांबरोबर खेळायला काय हवं ते वापरा, स्पर्धेत तो चालत नाही.

स्लाइस सुटला की ड्राइव्हची लांबी वेगळी कमवावी लागत नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं. उघडा फेस म्हणजे जास्त वर बघणारा फेस. त्याने चेंडू उंच चढतो, जास्त फिरतो आणि पडल्यावर फारसा घरंगळत नाही. टाचेवरचा फटका चेंडूला वेगही कमी देतो. जिममध्ये घाम गाळण्याआधी या दोन गळत्या बंद कराव्यात.

मात्र चेंडू अगदी सुतासारखा सरळ जायलाच हवा, हा हट्ट नको. दहाएक यार्ड उजवीकडे वळणाऱ्या, ताब्यातल्या फटक्याला फेड म्हणतात आणि जॅक निकलॉस तो आवडीने मारायचा. ब्रूस लीट्झकी नावाचा अमेरिकन व्यावसायिक तर आयुष्यभर फेडच मारत राहिला आणि त्यावर पीजीए टूरच्या १३ स्पर्धा जिंकला. हा माणूस सरावाचा आळशी म्हणून प्रसिद्ध होता. हंगाम संपल्यावर तो क्लबला हात लावत नाही यावर त्याची बॅग वाहणाऱ्या कॅडीचा विश्वास बसेना. म्हणून १९८४च्या अखेरीस कॅडीने ड्रायव्हरच्या टोपीत गुपचूप एक केळं ठेवलं. पुढच्या जानेवारीत बॅग उघडली तेव्हा ते केळं सडून काळं पडलं होतं. जळगावकरांना या गोष्टीत केळ्याचं वाईट वाटेल, पण लीट्झकीला त्या वर्षी तरी सरावाची गरज पडली नसावी. आपलं तसं नाही.

तेव्हा महिनाभर जाळीत मूठ आणि ठसे सुधारा, आणि मग नाशिक-पुण्याकडे जाल तेव्हा थेट खेळ सुरू करायच्या जागी, पहिल्या टीवर, जाऊ नका. आधी रेंजवर बादलीभर चेंडू मारा. पहिले काही चेंडू डावीकडे निघतील आणि डावीकडेच राहतील. घाबरून जुनी मूठ धरू नका. फेस बंद व्हायला लागलाय आणि मार्ग अजून वाकडा आहे, एवढाच त्याचा अर्थ. चेंडू डावीकडे पडायला लागला की हात आपसूक क्लब उजवीकडे पाठवायला लागतात. त्यांना त्या बादलीपुरता वेळ द्या.